बाबांनी उचललेला फोन

आमच्या डहाणूच्या खाडीवर परत आलेल्या होडीला "काय मिळालं?" असं सगळेच विचारतात, पण खऱ्या उत्तराची अपेक्षा कोणीच ठेवत नाही. विचारणाऱ्याने विचारायचं आणि होडीवरच्याने "काय नाय" म्हणायचं. टोपल्या पापलेटांनी काठोकाठ भरलेल्या असल्या तरी "काय नाय". फारच झालं तर "असंच, थोडंफार". जाळं कुठे टाकलं हे कळलं की दुसऱ्या दिवशी दहा होड्या तिथे हजर होतात, हे एक कारण. दुसरं कारण दृष्ट. मिळालेलं तोंडाने मोजलं की दर्या हात आखडता घेतो, असं बाबा मानतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आमच्या घरात शिस्तीसारखी पाळली जाते.

अशा घरातल्या मुलीवर चौतिसाव्या वर्षी वेळ आली ती जगासमोर स्वतःचे गुण गाण्याची. तेही रोज, आणि तेही फोटोसकट.

तलासरीजवळ हायवेलगत औषधांचा कच्चा माल बनवणारा एक कारखाना होता. तिथल्या लॅबमध्ये मी सहा वर्षं नमुने तपासले. सकाळी डहाणूहून शेअरची इको गाडी पकडायची, चारोटीला उतरायचं, नाक्यावरच्या भजीच्या गाडीशी उभं राहून कंपनीच्या बसची वाट बघायची आणि संध्याकाळी तसंच उलटं यायचं. सहा वर्षं हे इतकं बिनबोभाट चाललं की ते कधी थांबेल असं मनातही आलं नाही. जानेवारीत मालकांनी कारखाना गुजरातेतल्या दुसऱ्या कारखान्यात मिसळला. त्यांची लॅब तिकडे होतीच. आम्हा सगळ्यांच्या हातात एकेक पत्र दिलं गेलं. पत्रात आमच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा होत्या, आणि आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं होतं.

मला नोकरी हवी होती त्याचं मुख्य कारण बाबांचे डोळे. काचबिंदूने त्यांचा डावा डोळा गेला आहे. उजव्याने समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता समुद्रावर जाऊ नका. मागच्या हंगामात कडेने सुटलेली दोरी त्यांना दिसली नव्हती आणि ते होडीतून पाण्यात पडले होते. भागीदार काकांनी काढलं म्हणून वाचले. घरी येऊन त्यांनी सांगितलं, "पाय सरकला." खरं काय झालं ते काकांनी आईला आठ दिवसांनी सांगितलं.

मग आईने जेवण समोर ठेवून विषय काढला. बाबांनी भाकरी कालवणात चुरली. म्हणाले, "पोरीचं कुठंतरी लागू दे. पावसाळ्याची बंदी उठायच्या आत लागलं तर होडी विकतो. नाय लागलं तर मला जावंच लागंल." बाबा शब्द देतात तेव्हा पाळतात. जून-जुलै मासेमारी बंद, ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा निघतात. म्हणजे माझ्याकडे तोवरचा वेळ होता.

इंटरनेटवरचं ते नोकरीवाल्यांचं प्रोफाइल मला लॅबमधल्या मैत्रिणीने बनवून दिलं. ती तलासरीच्या पूर्वेला डोंगराकडच्या गावातली. घरी भात आणि नाचणी. तिचीही नोकरी माझ्याबरोबरच गेली होती, पण तिने दुसऱ्याच दिवशी कंबर कसली. चारोटीच्या एका हॉटेलात दोन चहांवर दोन तास बसून तिने माझ्याकडून एकेक गोष्ट उकरून काढली.

"मशीन कोणतं चालवायचीस?"

"तुला माहीत आहे की."

"मला माहीत असून काय उपयोग? रिक्रूटरला माहीत पाहिजे. ते मशीनचं नाव टाकून शोधतात. नाव नसलं तर तू नाहीसच."

मी नाव सांगितलं. तिने लिहिलं. मग म्हणाली, "ऑडिटच्या वेळी ते साहेब दोन दिवस तुझ्याच टेबलापाशी बसले होते आणि एक चूक निघाली नाही. हे लिहू?"

"नको गं. ते सगळ्यांचं काम होतं."

"सगळे आपापलं लिहितील. तू तुझं लिही." आणि तिने मला सीमेवरची गुजराती म्हण ऐकवली: बोले तेना बोर वेचाय. ओरडणाऱ्याचीच बोरं खपतात. "आमच्याकडे भात झोडलं की खळ्यावर रास पडते. येणारा-जाणारा बघतो, कोणाला किती पिकलं ते. त्यात लपवायचं काय? तुम्ही दर्यावाले मात्र पोटात ठेवता सगळं."

फोटो तिनेच काढला, आमच्या आळीतल्या शाळेच्या पांढऱ्या भिंतीसमोर, लॅबचा कोट घालून. कोट जानेवारीपासून अंगणातल्या दोरीवर होता आणि शेजारी बोंबील सुकत होते, तेव्हा त्याला कसला वास येत होता ते सांगायला नको. फोटोला वास नसतो हे माझं नशीब. फोटोभोवती काम शोधत असल्याचं हिरवं कडं लागलं. मी ते बाबांना दाखवलं. फोन उजव्या डोळ्याजवळ नेऊन त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "हे हिरवं कशाला?"

"नोकरी पाहिजे, असं कळायला."

"सगळ्यांना कळतंय?"

"सगळ्यांना."

त्यांनी फोन परत दिला. "बरं," एवढंच म्हणाले. पण संध्याकाळी आईने मीठ-मोहरी माझ्यावरून उतरवून चुलीत टाकली, ती कोणाच्या सांगण्यावरून ते मला समजलं.

मैत्रीण रोज काही ना काही टाकायची. नमुना कसा घ्यावा, आकडा संशयास्पद आला तर काय करावं, लॅबमध्ये मुलींच्या मापाचे बूट का मिळत नाहीत. लोक तिला उत्तरं द्यायचे, वाद घालायचे. मी आठवड्यातून एकदा चार ओळी लिहायचे, त्यातल्या दोन खोडायचे आणि उरलेल्या दोन टाकून फोन उशीखाली ठेवायचे. मला लाज वाटायची. खरंच लाज, चारचौघांत पदर ढळल्यासारखी. तळाशी एखादा अंगठा यायचा, तोही बहुतेक मैत्रिणीचा. अमुक इतक्या जणांनी तुमचं प्रोफाइल पाहिलं, असं ते ॲप सांगायचं. पाहून गेले म्हणजे नाक्यावर टोपली उचकून, मासा दाबून, भाव न करता निघून गेले. आईच्या टोपलीपाशी असली गिऱ्हाइकं मी लहानपणापासून बघते आहे. आई त्यांना पाठीमागून शिव्या देते. मला तीही सोय नव्हती.

मार्चमध्ये एक मुलाखत झाली, फोनच्या पडद्यावरच. समोरच्या माणसाने विचारलं, "स्वतःबद्दल सांगा."

मी म्हणाले, "विशेष काही नाही. सहा वर्षं लॅबमध्ये होते."

"मशीन स्वतः हाताळता येतं?"

"येतं थोडंफार."

त्या थोडंफारमध्ये काय काय होतं! बिघडलेलं मशीन इंजिनियर यायच्या आधी मी कितीदा चालू करून ठेवलं होतं. पण त्या माणसाने मान हलवली, आभार मानले आणि पडदा काळा झाला. मैत्रिणीला सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. चैत्रात विवळवेढ्याच्या जत्रेला गेली तेव्हा महालक्ष्मीला माझ्यासाठीही नारळ ठेवून आली. "देवीला स्पष्ट सांगितलंय," म्हणाली, "हिला थोडंफार येत नाही, सगळं येतं."

मे महिन्यात वापीकडच्या एका भरती एजन्सीतल्या बाईंचा ॲपवर निरोप आला. त्यांना मशीनचं नाव टाकून शोधताना मी सापडले होते. तुमचा सहा वर्षांचा अनुभव, ऑडिटचं काम चालेल; कंपनीची बस डहाणूपर्यंत येते, तर नंबर पाठवा, एक-दोन दिवसांत फोन करते. मी तो निरोप किती वेळा वाचला ते सांगणार नाही. बाबांना सांगितलं, "फोन येईल. मी नसले आणि तुम्ही उचललात तर चांगलं बोला." ते म्हणाले, "बोलंन की."

दोन दिवस मी फोन हातातून खाली ठेवला नाही. न्हाणीत नेला, बाजारात नेला, जेवताना ताटाच्या कडेला ठेवला. तिसऱ्या दिवशी दुपारी बॅटरी संपत आली म्हणून घरात चार्जिंगला लावला, आणि नेमकं त्याच वेळी पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. वलांडीवर, म्हणजे किनाऱ्यावर बांबू रोवून बांधलेल्या दोऱ्यांवर, आमचे बोंबील टांगलेले होते. वर्षभर आई तेच विकते. ते भिजले तर किडे पडतात. आई आणि मी धावलो. मूठ-मूठ बोंबील ओढून काढत होतो. पाऊस काही आला नाही. चार थेंब पडून वारा सुटला आणि ऊन पडलं.

घरी आले तर बाबा ओट्यावर खुशीत बसले होते. "फोन आला होता. चांगलं बोललो मी."

माझ्या अंगाला बोंबलाचा चिकटा होता. मी तशीच उभी राहिले. "काय बोललात?"

"बाई होती. गोड बोलत होती. म्हणाली, पोरगी काय करते सध्या? म्हटलं, काय नाय, घरीच असते, सुकट वाळवते. म्हणाली, काम येतं ना चांगलं? म्हटलं, असंच, थोडंफार. मग म्हणाली, नोकरी करायची हाय ना तिला? म्हटलं, बघू, मिळाली तर मिळाली."

त्यांच्या चेहऱ्यावर काम फत्ते करून आलेल्या माणसाचं समाधान होतं. त्यांच्या हिशेबाने ते उत्तमच बोलले होते. पापलेटांनी भरलेल्या टोपलीवर त्यांनी ओलं गोणपाट झाकलं होतं.

मी लगेच फोन लावला. बाई खरंच गोड बोलल्या. "आपके फादर से बात हुई. उनको लगा आप अभी इतना इंटरेस्टेड नहीं हो." कंपनीला नावं संध्याकाळपर्यंत पाठवायची होती, ती त्यांनी पाठवूनही टाकली होती. मी म्हणाले, माझे वडील असेच बोलतात, आमच्याकडे सगळे असेच बोलतात, त्याचा अर्थ तसा नसतो. बहुधा त्यांना मी वेडी वाटले असेन. "कोई बात नहीं, आगे कुछ आया तो ज़रूर," म्हणाल्या. तो आगे अजून यायचा आहे.

त्या दिवशी मी बाबांना जे बोलले ते बोलायला नको होतं. तुम्ही माझं वाटोळं केलंत, असं म्हणाले. डोळे गेले ते गेले, अक्कलही गेली का, असंही म्हणाले. आई मध्ये पडली तर तिलाही झिडकारलं. मग मी फोनवर माझं प्रोफाइल उघडलं आणि त्यातली एकेक इंग्रजी ओळ मराठीत करून बाबांच्या तोंडावर ओरडून वाचली. सहा वर्षं लॅब सांभाळली. महिन्याला शेकडो नमुने. एक नमुना परत आला नाही. ऑडिटचे साहेब दोन दिवस माझ्या टेबलापाशी बसले, एक चूक निघाली नाही. बिघडलेलं मशीन इंजिनियर यायच्या आधी मी चालू केलं. नवीन मुलींना मी शिकवलं. "हे सांगायचं होतं! हे!"

बाबा खाली बघत ऐकत होते. माझा आवाज बसल्यावर त्यांनी मान वर केली, मला नीट बघायला ती थोडी डावीकडे वळवली, आणि विचारलं, "हे सगळं तू केलंस?"

"मग कोणी?"

"कधी बोलली नाय."

ते खरंच होतं. सहा वर्षं मी संध्याकाळी घरी यायचे, बाबा ओट्यावर जाळं विणत बसलेले असायचे आणि विचारायचे, "काय केलं आज?" आणि मी चपला काढता काढता म्हणायचे, "काय नाय." रोज. ऑडिट संपलं त्या दिवशीही. माझा राग तिथेच विझला आणि त्या जागी जे आलं ते रागाहून वाईट होतं. मी आत जाऊन कोट धुवायला घेतला. तो कोट आता कशाला धुवायचा, हे मला माहीत नव्हतं.

जूनमध्ये होड्या वर ओढल्या गेल्या. मी त्या पावसाळ्यात रोज लिहिलं. लाज सोडून लिहिलं. मशीनचं नाव, ऑडिट, सगळं मोठ्याने. तोवर उशीर झाला होता की माझी बोरंच आंबट होती, कोण जाणे. दोन फोन आले. एकाला लगेच मुंबईत राहायला येणारी मुलगी हवी होती, दुसऱ्याला माझ्या निम्म्या वयाची. जुलैत मैत्रिणीने टाकलं की तिला वापीला नोकरी लागली. त्या बाईंनी पाठवलेल्या नावांत तिचंही होतं. मला खूप आनंद झाला असं लिहायला हवं. झाला नाही. मी टाळ्यांचं चित्र दाबलं, अभिनंदन लिहिलं आणि दोन दिवस तिचा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी घेतला तर ती रडत होती. "ती जागा तुझी होती," म्हणाली. मी म्हटलं, "काही नाही गं, चालायचंच." पुन्हा तेच.

ऑगस्ट आला. बाबांनी मला काही विचारलं नाही. एका सकाळी होडीला नवा रंग लावताना दिसले तेवढंच. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला आणि दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी ते निघाले. मी जेवणाचा डबा घेऊन किनाऱ्यापर्यंत गेले. होड्या पाण्यात ढकलायला सगळी आळी जमली होती. भागीदार काका जाळं चढवत होते. बाबा होडीची कड हाताने चाचपत उभे होते.

शेजारच्या होडीवरच्या एका म्हाताऱ्याने हाक मारून विचारलं, "काय रं, पोरीच्या नोकरीचं काय झालं?"

मी खाली बघितलं. उत्तर मला माहीत होतं.

बाबा वळले. एका डोळ्याने त्यांनी तो माणूस शोधला, आणि बाजारात ओरडतात तसे ओरडले, "माझ्या पोरीनं सहा वर्षं लॅब सांभाळली! महिन्याला शेकडो नमुने तपासायची! एक परत आला नाय! मोठे साहेब दोन दिवस तिच्या टेबलाजवळ बसले, एक चूक निघाली नाय! बिघडलेलं मशीन ती चालू करायची, इंजिनियर यायच्या आधी! नवीन पोरींना तिनं शिकवलं!"

मी मेमध्ये जे वाचलं होतं ते सगळं त्यांच्या लक्षात होतं, त्याच क्रमाने. दोऱ्या ओढणारे हात थांबले. हंगामाचा पहिला दिवस, होडी पाण्यात ढकलायची वेळ, आणि माणूस आपल्या घरातलं सोनं असं उघडं करून दाखवतो आहे, हे तिथे कोणी कधी ऐकलं नव्हतं. म्हाताऱ्याने पटकन पाण्याकडे हात जोडले. कोणीतरी म्हणालं, "गप रं, चढ आता." त्या किनाऱ्यावर कोणाकडेच द्यायला नोकरी नव्हती. बाबांनाही ते माहीत होतं. आणि अशा वेळी असं बोलल्याचं दर्या काय करतो असं ते मानतात, तेही मला माहीत होतं. मी पुढे होऊन त्यांच्या हातात डबा दिला. ते चढले, आणि आम्ही सगळ्यांनी होडी ढकलली.

संध्याकाळपर्यंत मी घरात बसू शकले नाही. फोन घरीच होता. त्या दिवशी मी तो एकदाही पाहिला नाही. होड्या एकामागून एक खाडीत शिरायला लागल्या. आमची शेवटून दुसरी आली. बाबा काकांच्या खांद्याला धरून उतरले. नेहमीच्या लोकांनी नेहमीसारखं विचारलं, "काय मिळालं?"

"काय नाय," बाबा म्हणाले.

मी टोपली घ्यायला वाकले. टोपलीचा एक कान त्यांनी धरला, एक मी. तळाशी मूठभर मांदेली होती. मी एकटीने एका हाताने उचलली असती, तरी आम्ही ती दोघांनी मिळून घरापर्यंत नेली.